जुन्या मारुती ८०० च्या प्लग वायरी: बघायच्या कशा आणि बदलायच्या कशा

तुमच्याकडे अजून कार्बोरेटरवाली ८०० असेल आणि ती पावसाळ्यात सकाळी उठायला त्रास देत असेल, घाटात झटके मारत असेल, स्लोवर उभी असताना सीटपर्यंत थरथर येत असेल तर कार्बोरेटर उघडायच्या आधी प्लग वायरी बघा. हे इतकं आवर्जून सांगतोय कारण आमच्या ९९ च्या गाडीवर दोन पावसाळे फुकट गेले. चिपळूणहून कराडला ताईकडे जायचं म्हटलं की कुंभार्ली घाटात तिसऱ्या गिअरला ती मिस मारायला लागायची, म्हणजे मध्येच ठिणगी चुकून अडखळायची, वर पठारावर आली की परत सरळ. एका गॅरेजमध्ये कार्बोरेटर सर्व्हिस झाला, मग पेट्रोल पंप बदलला, मग टाकी साफ झाली, आणि दुखणं होतं तिथंच. शेवटी एका वयस्कर मेस्त्रींनी संध्याकाळी काळोख पडल्यावर या म्हणून सांगितलं, बोनेट उघडून गाडी चालू ठेवली आणि अंगणातला दिवा बंद केला. दोन नंबरच्या वायरीजवळ निळसर चमक दिसत होती, टिक टिक आवाज येत होता. करंट प्लगपर्यंत जातच नव्हता, वाटेतच इंजिनच्या अंगावर उडी मारत होता.

तेव्हापासून हे काम मी घरीच करतो आणि ओळखीतल्या चारपाच जणांनाही शिकवलंय. अवघड काही नाही, पाऊण तास लागतो, पण दोनतीन गोष्टी चुकल्या तर गाडी चालूच होत नाही आणि माणूस घाबरतो, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

आधी हे वायर प्रकरण काय आहे ते

बॅटरीचे १२ व्होल्ट एचटी कॉइलमध्ये जातात आणि तिथून वीसपंचवीस हजार व्होल्ट होऊन बाहेर पडतात. कॉइलमधून एक जाड वायर डिस्ट्रीब्युटरच्या टोपीच्या मधोमध येते, टोपीच्या आत रोटर फिरतो आणि तो ज्या टोकासमोर येईल त्या टोकाला करंट देतो, तिथून ती ती वायर आपापल्या प्लगला. ८०० चं इंजिन ७९६ सीसीचं, तीन सिलेंडरचं, म्हणजे प्लगच्या तीन वायरी आणि कॉइलची एक, एकूण चार. पद्मिनी किंवा अँबेसेडर असेल तर चार सिलेंडर, म्हणून पाच.

आता एवढा मोठा दाब आतमध्ये कोंडून ठेवायचं काम वायरीवरचं रबर करतं. ते रबर इंजिनच्या उष्णतेनं वर्षानुवर्षं भाजून कडक होतं, त्याला बारीक चिरा पडतात, वर तेलकट धूळ बसते, त्यात पावसाळ्याची ओल, आणि करंटला तर सोपी वाट मिळाली की तो तिकडूनच जाणार.

घाटातच का मिस मारते हा प्रश्न मला बरीच वर्षं छळत होता, त्याचं उत्तर असं की चढाला तुम्ही अॅक्सिलरेटर दाबता, सिलेंडरमध्ये जास्त हवा आणि पेट्रोल भरतं, दाब वाढतो, आणि जास्त दाबात प्लगच्या फटीतून ठिणगी उडवायला जास्त व्होल्ट लागतात. स्लोवर कमी व्होल्टमध्ये भागतं म्हणून तिथं चिरलेली वायरही निभावून नेते. लोड आला की व्होल्ट वाढतात आणि वायरीतली कमजोर जागा प्लगच्या आधी फुटते. म्हणून गॅरेजच्या दारात उभी गाडी एकदम छान चालते आणि मेस्त्री म्हणतो काहीच नाही हो, आणि घाटात परत तेच. गॅसकिट बसवलेलं असेल तर हा त्रास अजून लवकर येतो कारण गॅस पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्ट लागतात. गॅसवर मिस आणि पेट्रोलवर ठीक असं होत असेल तर पहिला संशय वायर आणि प्लगवर घ्या, किटवाल्याकडे नंतर जा.

एक सिलेंडर गेलाय की सगळंच अडखळतंय

हे कानानं ओळखायला शिका, निम्मं काम तिथंच होतं. तीनातला एक सिलेंडर काम करत नसेल तर तालात मिस येतो, धड धड गॅप, धड धड गॅप, सायलेन्सरच्या तोंडाशी हात धरला तर फुसका पफ ठरावीक अंतरानं जाणवतो, आणि गाडी भयंकर हलते, कारण तिघांतला एक बसला की एक तृतीयांश ताकद गेली. चार सिलेंडरच्या गाडीत एवढं जाणवत नाही. असं असेल तर प्लगची एखादी वायर, तो प्लग, किंवा टोपीतलं त्या नंबरचं टोक.

पण ताल बिल नाही, गाडी मध्येच अख्खी गुदमरते, झटका देऊन परत उचलते, किंवा ओलीत सुरूच होत नाही, असं असेल तर जी गोष्ट तिघांनाही लागते ती बघायची, म्हणजे कॉइलची वायर, टोपीचा मधला भाग, रोटर. कॉइलची वायर लोक नेहमी विसरतात. तीन नव्या टाकतात आणि चौथी तशीच जुनी ठेवतात.

अजून एक खूण म्हणजे पीयूसी. ठिणगी न पडलेल्या सिलेंडरचं पेट्रोल न जळता तसंच सायलेन्सरमधून बाहेर जातं, त्यामुळे एचसीचा (न जळलेल्या पेट्रोलचा) आकडा वाढतो आणि पीयूसीला गाडी नापास होते. मुंबईसह चार महानगरांत १९९५ पासून नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला, तुमच्या गाडीला तो असेल तर हे न जळलेलं पेट्रोल त्याच्यात जाऊन जळतं आणि कन्व्हर्टर तापून खराब होतो. म्हणून चालतेय तोवर चालू दे असं करू नका.

जीव सांभाळून

इंजिन चालू असताना प्लग वायरीला हात लावायचा नाही. जुने मेस्त्री चालू गाडीत एकेक वायर उपटून बघतात कुठला सिलेंडर मेलाय ते, आपण करायचं नाही. एकतर झटका जोरदार बसतो आणि हात मागे घेताना पंख्यात किंवा बेल्टमध्ये जाऊ शकतो. दुसरं म्हणजे वायर उघडी राहिली की कॉइलचा करंट जायला जागा शोधतो आणि कॉइलच्या आतलं इन्सुलेशन फोडतो, कॉइल जाते. ज्यांना पेसमेकर आहे त्यांनी चालू इंजिनाच्या बोनेटपाशी उभंच राहू नये, हे काम दुसऱ्या कुणाला तरी सांगावं.

८०० चा रेडिएटर फॅन विजेवर चालतो, इंजिन गरम असलं तर तो अचानक फिरायला लागू शकतो, तेव्हा काम करताना चावी काढून खिशात ठेवा आणि बॅटरीची निगेटिव्ह टर्मिनल १० च्या पान्यानं सोडवून बाजूला करा. इंजिन पूर्ण थंड पाहिजे, रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी घ्या. गरम असताना रबरी टोप्या प्लगला चिकटलेल्या असतात, ओढताना फाटतात, आणि हेड अॅल्युमिनियमचं असल्यामुळे गरम असताना प्लग काढला तर आटे खराब व्हायची भीती असते. आटे गेले की पाऊण तासाचं काम आठवड्यावर गेलं समजा.

बघायचं कसं

पहिली तपासणी काळोखात, मेस्त्रींची. पेट्रोल किंवा गॅसचा वास येत नाहीये ना ते आधी नीट बघा, वास असेल तर काहीच करू नका, आधी गळती शोधा. मग गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढून, अंधारात बोनेट उघडून सुरू करा आणि हात मागे बांधून नुसतं बघत उभे राहा. डोळे अंधाराला सरावायला दोन मिनिटं द्या. आत बसलेल्या माणसाला हळूहळू रेस द्यायला सांगा. वायरीच्या अंगावर, टोपीच्या बुडाशी, प्लगच्या रबराजवळ कुठे निळी चमक किंवा ठिणगी दिसली, टिक टिक ऐकू आलं, तर सापडलं. काही दिसलं नाही तर झाडांवर पाणी मारायचा स्प्रे घ्या, एकदम बारीक फवारा करून लांबून वायरींवर हलका मारा, पाइप लावून धुवू नका. ज्या जागी फवारा पडल्यावर इंजिन अडखळलं ती जागा फुटलेली. कोकणात जुलैमध्ये हा फवारा मारायची गरजच पडत नाही, हवाच ते काम करते.

दुसरी तपासणी दिवसा, इंजिन बंद आणि थंड असताना. एकेक वायर कोरड्या फडक्यानं पुसून घ्या आणि हलकी वाकवून बघा. चांगली वायर मऊ वाकते, मेलेली वायर कडक असते आणि वाकवली की बारीक बारीक चिरा तोंड उघडतात. एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या बाजूचा भाग नीट बघा, तिथं चकाकी येऊन वितळल्यासारखा झालेला असतो. गाडी बरेच दिवस उभी राहत असेल तर उंदरांच्या दातांच्या खुणा शोधा, पावसाळ्यात उंदीर बोनेटखाली उबेला येतात आणि यांना वायरीच का आवडतात देव जाणे, आमच्या आळीत तीन गाड्यांच्या वायरी एकाच आठवड्यात खाल्ल्या होत्या.

आता वायरींच्या टोकांच्या रबरी टोप्यांच्या आत बघा, मोबाइलचा टॉर्च मारून. आतली पितळी किंवा स्टीलची पकड स्वच्छ पाहिजे, हिरवी-पांढरी पूड धरली असेल तर तिथं ओल गेली आहे. प्लगचं पांढरं चिनी मातीचं अंग पण पुसून बघा. त्याच्यावर वरून खाली गेलेली काळी पेन्सिलसारखी रेघ दिसली तर करंट आतून न जाता बाहेरून सरकत खाली जातोय. अशी रेघ दिसली की प्लग आणि ती वायर दोन्ही बदलायचं, एकच बदललं तर जुन्याची रेघ नव्यावर उमटते. पण पांढऱ्या अंगाच्या बुडाशी, लोखंडी भागाच्या अगदी वर, एक फिकट तपकिरी वळं दिसतं, त्याला घाबरू नका, ते उच्च दाबाच्या विजेमुळे हवेतली तेलकट धूळ चिकटून होतं, दोष नाही. मी सुरुवातीला हे वळं बघून चांगले प्लग टाकून दिलेत.

तिसरी तपासणी मल्टिमीटरनं. साधा डिजिटल चालतो. वायर दोन्ही टोकांनी काढून, मीटर किलोओहमच्या रेंजवर, २०० के वर ठेवा आणि दोन टोकं दोन्हीकडच्या धातूला नीट टेकवा. कार्बनच्या गाभ्याच्या वायरीला सुझुकीच्या मापानं दर मीटरला १० ते २२ किलोओहम यायला पाहिजे, म्हणजे ४० सेंटिमीटरची वायर असेल तर साधारण ४ ते ९ च्या मध्ये. मीटर धरलेलं असताना वायर हलवून वाकवून बघा, आकडा उड्या मारत असेल तर आतला गाभा तुटलाय. मीटर आकडाच दाखवत नसेल, नुसता १ किंवा ओएल, तर वायर मेली. बाजारात तांब्याच्या गाभ्याच्या वायरी पण मिळतात, त्यांच्या टोपीत वेगळा रेझिस्टर असतो आणि लांबी कितीही असली तरी आकडा जवळपास सारखाच येतो, तिथं मीटरमागे मोजत बसण्यापेक्षा तिन्ही एकमेकींशी जुळतात का ते बघा.

इथं बरेच जण फसतात. मीटर फक्त आतली वाट सलग आहे का ते सांगतो, बाहेरचं रबर वीस हजार व्होल्ट अडवेल की नाही ते त्याला कळत नाही कारण मीटर स्वतः दोनचार व्होल्टवर मोजतो. आमच्या त्या दोन नंबरच्या वायरीचं माप अगदी बरोबर आलं होतं. म्हणून मीटरवर पास आणि काळोखात नापास असेल तर काळोखाचं ऐका.

कुठला सिलेंडर मेलाय ते झटका न खाता बघायचं असेल तर गाडी बंद करा, एका प्लगची वायर काढा, तिच्या टोपीत एक जादा प्लग खोचा आणि त्या प्लगचं लोखंडी अंग जंपर केबलनं इंजिनच्या उघड्या धातूला घट्ट जोडून ठेवा, पेट्रोलच्या पाइपपासून आणि कार्बोरेटरपासून लांब. आता गाडी सुरू करा. इंजिन आधीपेक्षा जास्त हललं तर तो सिलेंडर कामाचा होता, काहीच फरक पडला नाही तर मेलेला तोच. पंधरावीस सेकंदात बंद करा आणि पुढचा बघा. मेलेला सापडला की त्याचा प्लग शेजारच्याशी अदलाबदल करा, मिस प्लगबरोबर शेजारी गेला तर दोष प्लगचा, तिथंच राहिला तर वायर किंवा डिस्ट्रीब्युटरची टोपी. आणि सगळं बदलूनही तोच सिलेंडर मेलेला राहिला तर मग व्हॉल्व्ह आणि कॉम्प्रेशन, ते मेस्त्रींचं काम.

वायरी घेताना

दुकानात जाताना गाडीचं वर्ष आणि कार्बोरेटर की एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी इंजेक्शनवाली) ते सांगा, सेट वेगळे असतात. ८०० पहिल्यांदा डिसेंबर १९८३ मध्ये आली आणि २०१४ च्या जानेवारीत बनायची बंद झाली, एवढ्या तीस वर्षांत इंजिनाच्या आजूबाजूच्या बऱ्याच गोष्टी बदलल्यात, त्यामुळे नुसतं ८०० ची वायर द्या म्हणून चालत नाही. शक्य असेल तर जुना सेट नाहीतर निदान त्याचा फोटो आणि लांबी सोबत न्या. ओमनीचं इंजिन पण ७९६ सीसीचंच आहे पण ते सीटखाली वेगळ्या पद्धतीनं बसलंय, दुकानदार म्हणेल एकच आहे हो घेऊन जा, तुम्ही लांबी लावून बघितल्याशिवाय घेऊ नका. आखूड वायर ताणून बसवली की टोपीतून सुटते, लांब वायर मॅनिफोल्डवर लोंबते आणि भाजते.

सुट्टी वायर घेऊ नका, अख्खा सेट घ्या. एक गेली म्हणजे बाकीच्यांचं वय तेवढंच आहे. कंपनीचा माल किंवा नावाजलेल्या ब्रँडचा घ्या आणि पाकीट सीलबंद आहे का बघा, नकली पार्टचा सुळसुळाट आहे. एमपीएफआय गाडीला रेझिस्टर नसलेली साधी तांब्याची वायर कधीच लावू नका, तिच्यातून निघणाऱ्या गडबडीनं ईसीएमचे, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचे, सिग्नल बिघडू शकतात. कार्बोरेटरवाल्याला तेवढा धोका नाही पण रेडिओवर मुंबई केंद्र लावलं की इंजिनच्या तालावर खरखर ऐकावी लागते. सोबत सिलिकॉन ग्रीसची छोटी ट्यूब घ्या, साधं चाकाचं ग्रीस चालत नाही, ते रबर फुगवतं.

बदलायचं काम

आता मुख्य भाग, आणि नियम एकच, एका वेळी एकच वायर. जुनी एक काढा, तिच्या जागी नवी एक बसवा, मग दुसरीला हात लावा. सगळ्या उपटून मग नव्या लावायला गेलात तर कुठली कुठं हे विसरणार. सुरू करायच्या आधी मोबाइलमध्ये वरून आणि बाजूनं फोटो काढा, आणि पांढऱ्या चिकटपट्टीवर १, २, ३ लिहून प्रत्येक वायरीला दोन्ही टोकांना लावा. टायमिंग बेल्टच्या बाजूचा सिलेंडर १ नंबर.

सगळ्यात लांब वायरीपासून सुरू करा, गोंधळ कमी होतो. काढताना वायर धरून ओढायची नाही, आतला कार्बनचा गाभा धाग्यासारखा नाजूक असतो, तुटतो आणि बाहेरून कळत पण नाही. रबरी टोपी बुडाशी धरा, आधी डावीउजवीकडे थोडी फिरवा, चिकटलेलं सुटलं की मग सरळ वर ओढा. फारच चिकटली असेल तर परत परत फिरवा, स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नका, प्लगचं पांढरं अंग तडकतं. वायरी नव्या येणारच आहेत पण प्लग तर तेच ठेवायचेत ना.

प्लग मोकळा झालाय तर लगे हात तोही काढून बघा. आधी त्याच्या भोवतीची धूळमाती हवेनं किंवा ब्रशनं साफ करा नाहीतर सगळी सिलेंडरमध्ये पडेल. टोक फिकट तपकिरी असेल तर तब्येत चांगली, कोरडी काळी काजळी म्हणजे मिक्श्चर रिच (हवेच्या मानानं पेट्रोल जास्त) किंवा ठिणगी कमजोर, पेट्रोलनं ओला म्हणजे तिथं पेटतच नव्हतं, तेलानं ओला म्हणजे इंजिनचं वेगळं दुखणं आहे. प्लगच्या टोकाशी ठिणगी उडते तो गॅप फिलर गेजनं (मापाच्या पातळ पट्ट्यांनी) ०.७ ते ०.८ मिलिमीटर ठेवा. गॅप वाढला की जास्त व्होल्ट लागतात आणि नव्या वायरींवरही जोर येतो, म्हणून हे सोडू नका. परत बसवताना पाना लावायच्या आधी बोटांनी आटे पकडू द्या, तीनचार फेरे सहज फिरला पाहिजे, अडला तर काढून परत लावा. टेकल्यावर नवा प्लग असेल तर पान्यानं अर्धा फेरा किंवा त्याहून थोडा जास्त, जुनाच असेल तर त्याचा वॉशर आधीच दबलेला असतो म्हणून अगदी थोडा, घड्याळाच्या काट्याच्या तासाभराएवढा. जोर लावून आवळायची सवय असेल तर इथं आवरा.

मग त्याच वायरीचं डिस्ट्रीब्युटरकडचं टोक काढा, तसंच फिरवून. टोपीतल्या त्या भोकात डोकवा, हिरवट पूड असेल तर बारीक सँडपेपर गुंडाळून साफ करा. जुनी आणि नवी वायर शेजारी ठेवून लांबी बघा. नव्या वायरीच्या दोन्ही टोप्यांच्या आत, रबराच्या कडेला, काडीनं सिलिकॉन ग्रीसचा एक पातळ हात फिरवा. भरून टाकू नका, आत हवा कोंडते आणि टोपी परत वर येते. या ग्रीसचं काम ओल अडवणं आणि पुढच्या वेळी टोपी सुटायला सोपी करणं. प्लगवर दाबा, टक असा आवाज येऊन बसलेली हाताला कळते. डिस्ट्रीब्युटरकडचं टोक पूर्ण आत गेलंय का ते बघा, बऱ्याचदा रबर बसल्यासारखं दिसतं पण धातू वरच राहतो आणि मग तिथं ठिणग्या उडून टोपी जळते. रबर थोडं मागे सरकवून आधी धातू टेकवा, मग रबर पुढं ओढा.

वायर जुनीच्या वाटेनं न्या आणि क्लिपमध्ये बसवा. क्लिपा तुटल्यात म्हणून तिन्ही वायरी केबल टायनं एकत्र बांधून टाकणारे मी बघितलेत, दिसायला नीट दिसतं पण चूक आहे. शेजारी शेजारी चिकटून समांतर गेलेल्या वायरींमध्ये एकीच्या करंटनं दुसरीत करंट उमटतो आणि भलत्या वेळी भलत्या सिलेंडरमध्ये ठिणगी पडू शकते. ८०० मध्ये फायरिंग १-३-२ आहे, म्हणजे ३ नंतर लगेच शेजारचा २, आणि २ नंतर लगेच शेजारचा १, त्यामुळे इथं हे जास्तच सांभाळायला पाहिजे. दोन वायरींमध्ये बोटभर अंतर ठेवा, एकमेकींना ओलांडायचंच असेल तर फुलीसारखं आडवं ओलांडू द्या. मॅनिफोल्डपासून लांब, बेल्टपासून लांब, बोनेट लावल्यावर दबणार नाही अशी.

दुसरी, तिसरी अशीच. शेवटी कॉइलची.

ती काढलेली असतानाच डिस्ट्रीब्युटरची टोपी उघडा, आत बघायची याच्यापेक्षा चांगली वेळ नाही. आतून पुसून उजेडात धरा, दोन टोकांच्या मध्ये केसासारखी काळी रेघ दिसली तर करंटनं तिथं वाट पाडलीय, टोपी बदला, घासून ती जात नाही, गेल्यासारखी वाटते आणि पहिल्या ओलीत परत येते. मधला कार्बनचा बटण स्प्रिंगवर आतबाहेर होतोय का आणि झिजलाय का बघा. रोटरचं पितळी टोक जळून खाल्लेलं असेल तर तोही बदला, स्वस्त गोष्ट आहे.

वायरींची अदलाबदल झालीच तर

सुरू करताना कार्बोरेटरमधून फटाका वाजला, सायलेन्सरमधून भडका आला, किंवा सेल्फ मारून मारून गाडी उठतच नाही, तर दोन वायरी उलट्या लागल्यात. सेल्फ मारत बसू नका, बॅटरी पण जाईल. फोटो बघून जुळवा. फोटोच काढला नव्हता तर १ नंबरचा प्लग काढा, भोकावर अंगठा दाबून ठेवा आणि कुणाला तरी पान्यानं क्रँक पुलीचा बोल्ट इंजिनच्या नेहमीच्या दिशेनं हळूहळू फिरवायला सांगा. बाकीचे दोन प्लगही काढलेत तर हलकं फिरतं. अंगठ्याला हवेचा जोर लागला की कॉम्प्रेशनचा स्ट्रोक चालू आहे, अंगठा काढा आणि टायमिंगची खूण जुळेपर्यंत फिरवत राहा. आता डिस्ट्रीब्युटरची टोपी उचलून बघा, रोटर ज्या टोकाकडे तोंड करून थांबलाय ते टोक १ नंबरचं. पुली अजून थोडी फिरवून रोटर कुठल्या दिशेला सरकतो ते लक्षात ठेवा, त्याच दिशेनं पुढचं टोक ३ चं आणि त्याच्या पुढचं २ चं. पद्मिनी आणि अँबेसेडरला अशीच पद्धत, फक्त क्रम १-३-४-२.

सुरू करून बघा

हत्यारं बोनेटखाली राहिली नाहीत ना ते बघा, बॅटरी जोडा, सेल्फ मारा. पहिल्या दोन सेकंदातच फरक कळतो, तिन्ही सिलेंडर एका सुरात येतात आणि स्टीअरिंगची थरथर थांबते. स्लो थोडा चढलेला वाटेल, कारण आधी मेस्त्रींनी मिस झाकायला स्लोचा स्क्रू आवळून ठेवलेला असतो, तो आता परत खाली आणा. त्याच रात्री काळोखात परत एकदा बोनेट उघडून बघा, कुठेही चमक नको. मग चढावर चालवून बघा, जवळ घाट नसेल तर चौथ्या गिअरला कमी स्पीडवरून जोरात अॅक्सिलरेटर दाबून, एवढा लोड पुरतो.

पुढं दर पावसाळ्याच्या आधी, मे महिन्यात, एकदा पुसून आणि वाकवून बघा. किलोमीटर मोजण्यापेक्षा वय मोजा, वर्षाला दोन हजार किलोमीटर चालणाऱ्या गाडीची वायर पण उष्णतेनं आणि ओलीनं तेवढीच म्हातारी होते, मी चारपाच वर्षांनी सेट बदलतो. आणि जुन्या सेटमधली सगळ्यात लांब आणि त्यातल्या त्यात चांगली वायर फेकू नका, पुसून, गुंडाळून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून प्लग पान्याबरोबर डिकीत ठेवा, घाटात कुठली पण वायर गेली तरी ती तिन्ही जागी पुरते.